टेलर नव्हे, टोलर

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या क्रीडा पुरवणीत सॅन फ्रान्सिस्को विद्यापीठाच्या १९५१ सालच्या फुटबॉल संघावर छोटा लेख आला होता. मराठी पेपरात हा विषय पाहून आनंद झाला, म्हणून दोनदा वाचला. दुसऱ्या वाचनात दोन गोष्टी खटकल्या. दोन काळ्या खेळाडूंना घरी ठेवून मोठा सामना खेळायचा की नाही, यावर संघाने 'मतदान घेतले', असे लेखात म्हटले आहे. आणि शेवटी 'गोऱ्या खेळाडूंचा अपूर्व त्याग' असे शब्द आहेत.

आधी थोडी पार्श्वभूमी, कारण लेखात ती दीड ओळीत उरकली होती. हा अमेरिकन फुटबॉल. कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर पेठांचे सामने बघत वाढलेल्या माझ्यासारख्याला तो फुटबॉल वाटतच नाही. चेंडू लांबट, आणि पायांपेक्षा हात-खांद्यांचे काम जास्त. सॅन फ्रान्सिस्को हे जेझुइट पाद्र्यांचे कॉलेज, पैशाने बेताचे. जो कुहारिच प्रशिक्षक. प्रसिद्धीचे काम बघायला पीट रोझेल नावाचा पंचविशीतला पोरगा, जो पुढे अमेरिकेतल्या व्यावसायिक फुटबॉलचा सर्वेसर्वा झाला. संघात जीनो मार्चेटी होता, जर्मनीत महायुद्ध लढून आलेला. बॉब सेंट क्लेअर होता, पावणेसात फूट उंचीचा. आणि ऑली मॅटसन व बर्ल टोलर हे दोन काळे खेळाडू.

त्या हंगामात ते नऊ सामने खेळले आणि नऊही जिंकले. न्यूयॉर्कला जाऊन तिथल्या फोर्डहॅम कॉलेजला ३२-२६ असे हरवले, त्यात मॅटसनने खेळ सुरू करणाऱ्या लाथेचा चेंडू झेलून थेट पलीकडच्या टोकापर्यंत धाव घेतली, तीही एकाच सामन्यात दोनदा. नऊ सामन्यांत त्याने १,५६६ यार्ड धावून काढले. त्या वर्षी देशातल्या कुठल्याच कॉलेजच्या खेळाडूने त्याच्याहून जास्त काढले नाहीत. शेवटचा सामना लोयोला कॉलेजशी, पॅसाडिनाच्या रोझ बाउल मैदानावर, २०-२. याच संघातले मॅटसन, मार्चेटी आणि सेंट क्लेअर हे तिघे पुढे व्यावसायिक फुटबॉलच्या मानाच्या यादीत गेले. कॉलेजच्या एकाच संघातून तिघे, हे फार दुर्मीळ.

असा संघ हंगामानंतरच्या 'बाउल' सामन्यांना बोलावला जायलाच हवा होता. हे सामने निमंत्रणाचे, नवीन वर्षाच्या आसपास होणारे, आणि त्यांतून कॉलेजला बऱ्यापैकी पैसा मिळे. पण त्यातले बरेच मोठे सामने दक्षिणेत होत, आणि दक्षिणेत तेव्हा वर्णभेद कायद्यानेच चालत होता. मॅटसन आणि टोलरला आणणार नसाल तर या, असा निरोप आला. संघ नाही म्हणाला. बाउलवाल्यांनी वर्णाचे कारण उघडपणे पुढे केले नाही, सॅन फ्रान्सिस्कोचे प्रतिस्पर्धी दुबळे होते असा बहाणा सांगितला. फुटबॉलचा खर्च कॉलेजला आधीच झेपत नव्हता. तो हंगाम संपल्यावर कॉलेजने संघच बंद केला.

आता मतदानाचे. संघातल्या मंडळींनी म्हातारपणी पुन्हा पुन्हा सांगितले आहे की मत घेण्याचा प्रश्नच आला नाही. हात वर करा, चिठ्ठ्या टाका, असले काही झाले नाही. मला हे लगेच पटले. का, ते सांगतो.

मी एकतीस वर्षे क्रीडाशिक्षक होतो. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत शाळेचा कबड्डी संघ घेऊन एका गावी स्पर्धेला गेलो होतो. रात्री देवळाच्या सभामंडपात पंगत बसली. वाढणाऱ्या एका गृहस्थाने आमच्यातल्या एका पोराला नाव विचारले, मग आडनाव विचारले, आणि त्याची पत्रावळ खाली पायरीपाशी नेऊन मांडली. मी काय केले असेल? मी त्या पोराच्या खांद्यावर हात ठेवून म्हणालो, "बस रे बाळा, एका वेळचा प्रश्न आहे, उद्या सेमीफायनल आहे." हे वाक्य मी आजवर कुणाला सांगितले नव्हते. कॅप्टन उठला, आपली पत्रावळ उचलली आणि पायरीपाशी जाऊन बसला. मागोमाग बाकीचे. आमटी कुणी सांडली, द्रोण कुणाचा कलंडला, पण दोन मिनिटांत सगळा संघ खाली. कॅप्टन वरच्या माणसाला एवढेच म्हणाला, "काका, भात इकडे आणा."

मत कुणी घेतले? त्याग कुणी केला? पोरांना विचारले असते तर त्यांना प्रश्नच कळला नसता. सात जणांनी मैदानात एकमेकांचे हात धरून साखळी करायची आणि जेवताना त्यातली एक कडी सोडायची, हे मास्तरांना सुचले, त्यांना नाही.

पण मला तेवढेच आठवते असे नाही. ज्याच्यासाठी सगळे खाली आले, त्या पोराने त्या रात्री भात चिवडला फक्त. बाकीचे हसत-खिदळत जेवत होते आणि त्याची मान वर होत नव्हती. म्हणून 'गोऱ्यांचा त्याग' वाचून मला बोचले. मॅटसन आणि टोलर यांच्यावर काय बीतली असेल? बाकी सगळ्यांचा मोठा सामना आपल्या कातडीपायी हुकला, हे घेऊन त्यांना उरलेले वर्ष त्याच वर्गांत बसायचे होते. लेखात त्यांच्या वाट्याला आलेली वाक्ये मी मोजली. चार निघाली, त्यातल्या एकात टोलरचे नाव 'टेलर' छापले आहे.

मॅटसनचे पुढे बरे झाले. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये त्याने ४०० मीटरमध्ये कांस्य आणि रिलेत रौप्य मिळवले. आम्हा कराडकरांना हेलसिंकी वेगळे सांगावे लागत नाही. त्याच आठवड्यात, त्याच गावी, गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी कुस्तीचे कांस्य घेतले, ज्यांच्या प्रवासखर्चासाठी प्राचार्य खर्डेकरांनी घर गहाण टाकले होते. टोलरच्या नशिबी मात्र मैदान नव्हते. १९५२ च्याच उन्हाळ्यात एका प्रदर्शनीय सामन्यात त्याचा गुडघा गेला आणि व्यावसायिक खेळ सुरू होण्याआधीच संपला. तो शिक्षक झाला, पुढे सॅन फ्रान्सिस्कोतच मुख्याध्यापक. १९६५ मध्ये व्यावसायिक फुटबॉलचा पहिला काळा पंच म्हणून शिट्टी घेऊन उभा राहिला. तेव्हा त्या खेळाचा आयुक्त होता पीट रोझेल, कॉलेजात त्याच्या संघाच्या बातम्या वाटणारा तोच पोरगा. शाळेची नोकरी सांभाळून शनिवार-रविवार शिट्टी. हा माणूस मला मॅटसनपेक्षा जवळचा वाटतो, यात आमच्या धंद्याचा अभिमान असेल तर असू दे.

मुलगी तिकडे राहते, त्यामुळे एकदा ते कॉलेज पाहून आलो. चढावर आहे, माझ्या गुडघ्यांनी कुरकुर केली. तिथे विद्यार्थ्यांच्या वसतिगृहाची एक इमारत आहे. तिला पूर्वी जेम्स फेलन यांचे नाव होते. हे शहराचे एके काळचे महापौर, नंतर सिनेटर, आणि १९२० च्या निवडणुकीत 'कॅलिफोर्निया गोरा ठेवा' ही घोषणा देणारे गृहस्थ. विद्यार्थ्यांनी आग्रह धरला आणि २०१७ मध्ये ते नाव उतरवून तिथे बर्ल टोलरचे लावले. मी गेलो तेव्हा एक मुलगी धुवायच्या कपड्यांची पिशवी खांद्यावर टाकून त्या दारातून आत जात होती.

तेव्हा खुलासा छापाल तर मतदानाचे वाक्य काढा आणि नाव तेवढे नीट छापा. ट ला काना आणि मात्रा, टोलर.

आपला,
एक निवृत्त क्रीडाशिक्षक, कराड