गाडी विकलेली नाही

छत्रपती संभाजीनगर

ती. अण्णा आणि आई,
सा. नमस्कार.

फियाट विकायला नेली नव्हती, हे आधी सांगते. सर्व्हिसिंगचं नाव केलं, पण गेअरचं पूर्ण काम करून घेतलं. विचारलं असतं तर "आता कशाला खर्च" म्हणाला असता, आणि ती फाटकाशी गंजत राहिली असती.

अण्णा, तिसरा गेअर पडत नव्हता तो तुमच्या हातामुळे नव्हे. स्टेअरिंगवरच्या दांडीपासून गेअरबॉक्सपर्यंत जे रॉड जातात, त्यांच्या सांध्यांमधले बूश, म्हणजे आतल्या बारीक नळ्या, पार झिजले होते. एकेका सांध्यात केसाएवढी ढील, पण वर मुठीपाशी तीच बोटभर होते. मग दांडी फिरते अन् आतला गेअर जागचा हलत नाही. मागं कुणीतरी नुसते नट फिरवून रॉड जुळवलेले. झिजल्या बूशवर ते किती दिवस टिकणार? तयार बूश मिळेनात, म्हणून लेथवाल्याकडून पितळेचे करून घेतले. मग गेअरबॉक्स आणि दांडी दोन्ही न्यूट्रलला ठेवून रॉडची लांबी जुळवली, चेकनट आवळले. आता दोन बोटांनी गेअर पडतो.

मिस्त्री म्हणाले, गेअरची दांडी स्टेअरिंगवरून काढून खाली मधोमध बसवू, कटकट मिटेल. मी नाही म्हटलं. समोरचं सलग सीट गेलं असतं, म्हणजे माझी मधली जागा. तुळजापूरला जाताना गेअर टाकला की तुमचा कोपर माझ्या डोक्याला लागायचा आणि आई तुमच्यावरच ओरडायची.

बूशचं खरं आहे, पण आई म्हणते सदरा घालतानाही तुमचा हात वर जात नाही. साखर असली की खांदा आखडू शकतो, नुसतं वयाचं नसतं ते. सोमवारी स्वाराती रुग्णालयात दाखवून या. आई, तू सोबत जा, नाहीतर हे केसपेपर न काढताच परत येतील.

गाडी योगेश्वरीच्या देवळापर्यंत खुशाल न्या. लातूर रोडला नाही, रात्री तर मुळीच नाही. उसाच्या ट्रॉल्यांना मागं दिवा नसतो. लातूरला एस.टी.नं जावा, पंच्याहत्तरीनंतर तिकीटच नाही. म्हणजे म्हातारे झालात असं नव्हे, फुकट आहे म्हणून.

शनिवारी मीच चालवत आणते. रॉडला ग्रीस मी येऊन लावीन. तुम्ही गाडीखाली शिरायचं नाही, आणि खर्च विचारायचा नाही.

तुमची,
छकुली