सहा पकडींचा खेळ

ब्रिस्बेन

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, परवा फोनवर तुम्ही म्हणालात, "पोरी एकमेकींच्या अंगावर पडतात, उठतात, परत पडतात. यात खेळ कुठे आहे?" आईचा प्रश्न त्याहून सरळ होता: यावर पोट भरतं का? फोनवर एकाचंही उत्तर धड झालं नाही. ऑगस्टमध्ये तुम्ही इथे असाल तेव्हा ब्रिस्बेन ब्रॉन्कोस या इथल्या रग्बी लीग क्लबच्या मुलींचा एक तरी सामना बघायचाच आहे, म्हणून सविस्तर लिहितेय. दादाला सांगून मोठ्या अक्षरात प्रिंट काढून घ्या.

आधी एक घोटाळा दूर करते. बॉम्बे जिमखान्यावर जी रग्बी खेळतात ती युनियन. पंधरा जणांची, नाहीतर सात जणांची. ही लीग, तेरा जणींची. दोघींची फारकत १८९५ साली उत्तर इंग्लंडमध्ये झाली आणि कारण ऐकून बाबांना गिरणगाव आठवेल. तिथले गिरणी कामगार आणि खाणकामगार शनिवारी सामना खेळायला गेले की त्यांचा खाडा पडायचा आणि मजुरी कापली जायची. ती भरून द्यावी, असं तिकडच्या क्लबांचं म्हणणं. साहेबी क्लबांना खेळात पैसा नको होता, कारण त्यांच्या पोरांचा खाडा पडतच नव्हता. हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात बैठक भरली आणि उत्तरेचे क्लब वेगळे झाले. १९०६ मध्ये त्यांनी दोन खेळाडू कमी केले आणि आणखी एक बदल केला: पकड झाली की चेंडूवर ढीग रचत बसायचं नाही, पकडलेल्यानं उठायचं आणि चेंडू पुन्हा चालू करायचा. तुम्हाला जे "पडतात, उठतात" दिसतं, ते हेच. सगळा खेळ त्या पडण्या-उठण्यात आहे.

मैदान गोलरेषेपासून गोलरेषेपर्यंत १०० मीटर, रुंदी ६८. मुलींच्या व्यावसायिक स्पर्धेला एनआरएलडब्ल्यू म्हणतात. तिथे ३५-३५ मिनिटांचे दोन भाग, पुरुषांत ४०-४०. चेंडू हातानं पुढे फेकायचा नाही, मागे किंवा आडवा द्यायचा. पुढे न्यायचा तर काखेत मारून पळायचं, नाहीतर लाथेनं मारायचा. गोलरेषेपलीकडे जमिनीला टेकवला की ट्राय, ४ गुण. त्यानंतर खांबांमधून किक बसली तर आणखी २. एका संघाला लागोपाठ सहा पकडी मिळतात. सहावी झाली की चेंडू जिथे असेल तिथेच समोरच्यांना देऊन टाकायचा. म्हणून पाचवी पकड झाली की बहुतेक वेळा कोणी तरी लाथ मारतेच, म्हणजे समोरच्या संघाला निदान त्यांच्या रेषेजवळून सुरुवात करावी लागते. आई, मोजायला सोपं जावं म्हणून बोटं मुडपत बस. पाच झाली की मान वर करून आकाशात चेंडू शोध.

आता बाबांसाठी. कबड्डीत चढाई करणारी दम असेपर्यंत मध्यरेषेवर परत यायला धडपडते. इथे परतायचं नसतं. पडणार हे ठरलेलंच असतं, पण कसं पडायचं हे तिचं तिला ठरवायचं असतं. चेंडूवाली पकडीत सापडली की चेंडूकडे बघू नका, तिच्या पोटाकडे बघा. ती पालथी, गुडघ्या-कोपरांवर पडायला धडपडते, कारण तिथून एका झटक्यात उभं राहता येतं. पकडणाऱ्या तिला पाठीवर उताणी पाडायला बघतात. उताणी पडलेलीला आधी वळायचं, मग गुडघे पोटाखाली घ्यायचे, मग उठायचं. तेवढ्यात एक-दीड सेकंद जातो. आणि या खेळात सेकंदच विकत घ्यायचा असतो.

उठल्यावर तिनं समोरच्या गोलरेषेकडे तोंड करून चेंडू जमिनीवर ठेवायचा आणि पायानं मागे सरकवायचा. मागे नऊ नंबरची हुकर वाकून तयार असते. बचाव करणाऱ्या संघातल्या फक्त दोघी, ज्यांना मार्कर म्हणतात, तिथे उभ्या राहू शकतात. बाकी सगळ्यांनी १० मीटर मागे हटायचं. पकडीपासून चेंडू मागे सरकेपर्यंतचं सगळं तीन सेकंदांच्या आत उरकलं, तर बचावाची रांग अजून उलट्या पावलांनी मागेच जात असते. टाचांवर वजन असलेला माणूस पुढे झेपावू शकत नाही. हुकर तेवढ्यात उचलून सुटते आणि एकदम पंधरा-वीस मीटर मिळतात. तेच चार-साडेचार सेकंद लागले तर रांग पुन्हा सांधलेली असते आणि पुढची धाव भिंतीवर आदळते. "उगाच पडतात" असं वाटतं ते या दीड सेकंदासाठी.

बचावाच्या मुली अंगावर जरा जास्त रेंगाळल्या, हात अडकवून ठेवला, की पंच इशारा करतो, घंटा वाजते आणि पकडींची मोजणी पहिल्यापासून सुरू होते. याला सिक्स अगेन म्हणतात, २०२० पासूनचा नियम. पूर्वी शिट्टी, दंड, सगळ्यांनी श्वास घेणं असा प्रकार होता. आता बहुतेक वेळा खेळ थांबतच नाही. सामन्याच्या शेवटच्या दहा मिनिटांत लागोपाठ दोनदा ही घंटा झाली की बचाव करणाऱ्यांच्या मांड्या अक्षरशः संपलेल्या असतात, आणि ट्राय बहुतेक तेव्हाच जातो. उलट चेंडूवालीचीही घाई नडते. चेंडू नीट ठेवायच्या आत पाय मारला, तो पुढे घरंगळला, की गेला समोरच्यांकडे. चांगला संघ दर पाच वेळांतल्या निदान चार वेळा आपल्या सहा पकडी चेंडू न सांडता पुऱ्या करतो. बाबा, फलकावर गुणांखेरीज एकच आकडा बघायचा असेल तर तो बघा.

पकडीचं तंत्र कबड्डीच्या साखळीसारखंच, फरक एवढाच की समोरची सत्तर-ऐंशी किलोची बाई धावत येत असते. दोघी वर धरतात, छातीपाशी, म्हणजे चेंडू हातात दाबून राहतो आणि पडता पडता मैत्रिणीला देता येत नाही. तिसरी पाय गोळा करते. पहिली शिकवण डोक्याची. आपलं डोकं चेंडूवालीच्या पाठीच्या बाजूला, गाल तिच्या कंबरेला चिकटलेला. ते चुकून तिच्या पुढ्यात गेलं की तिचा गुडघा किंवा खुबा थेट कानशिलावर बसतो. पकड करणारीच बेशुद्ध पडलेली दिसली तर दहापैकी नऊ वेळा रीप्लेमध्ये डोकं चुकीच्या बाजूला असतं, हे माझं निरीक्षण. दुसरी शिकवण पावलाची: जवळचं पाऊल तिच्या पावलांच्या मध्ये पडलं पाहिजे. लांबून हात टाकले की नुसता सदरा हातात येतो. आणि एक पकड सक्त मना आहे. मागून कंबर धरून आपलं सगळं वजन तिच्या पोटऱ्यांवर सोडून द्यायचं, याला हिप ड्रॉप म्हणतात. घोटा किंवा गुडघा खाली अडकून मोडतो. पुढच्या सामन्यांना मुकावं लागतं, आणि लागावंच.

घोट्यावरून आठवलं. आईला बांधाबांधीत रस असतो म्हणून हे जरा निवांत सांगते, रोजचंच काम आहे माझं. सामन्याआधी तासभर खेळाडू रांगेनं टेबलावर बसतात. त्वचा कोरडी आणि केस काढलेली हवी. घाम असेल तर टेप पहिल्या दहा मिनिटांत सरकते. पाऊल नडगीशी काटकोनात, आणि शेवटपर्यंत तसंच. गप्पांच्या नादात तिनं पाऊल खाली सोडलं तर बांधलेलं सगळं ढिलं होतं. ३८ मिलिमीटर रुंदीची न ताणणारी टेप घ्यायची. घोट्याच्या हाडांवर चार-पाच बोटं सोडून एक वेढा, हा पाया. मग आतल्या बाजूनं सुरू करून टाचेखालून बाहेरच्या बाजूला वर ओढत तीन पट्ट्या, प्रत्येक आधीच्या पट्टीवर निम्मी चढलेली. दिशा महत्त्वाची. पाऊल मुरगळतं ते बहुधा आत वळून, म्हणून पट्टीनं तळवा बाहेर खेचला पाहिजे. उलट बांधली तर आपणच मुरगळायला मदत केली असं होतं. त्यावर सहाच्या आकड्यासारखा फेरा, मग टाच दोन्ही बाजूंनी जखडायची, आणि शेवटी वरचा वेढा पुन्हा. एक सुरकुती राहिली की तिथे फोड येतो. पहिला वेढा फार आवळला तर पोटरीत गोळे येतात, बोटं बधिर होतात. म्हणून पायाच्या अंगठ्याचं नख दाबून सोडायचं आणि गुलाबी रंग लगेच परततो का बघायचं. अर्ध्या तासाच्या पळापळीत टेपचा आधार बराच सैल पडतो, त्यामुळे मध्यंतरात पुन्हा हात फिरवावा लागतो.

घोट्यापेक्षा धास्ती गुडघ्याची. एसीएल नावाचा आतला दोर तुटण्याचं प्रमाण मुलींमध्ये पुरुषांपेक्षा जास्त आहे, आणि तो बऱ्याचदा कोणी धडकल्यानं तुटत नाही. वळताना किंवा उडी मारून उतरताना गुडघा आत कलंडतो आणि जातो. मग शस्त्रक्रिया आणि नऊ ते बारा महिने बाहेर. म्हणून सरावाची सुरुवात पळण्यानं होत नाही, उतरण्यानं होते: एका पायावर उडी, गुडघा पायाच्या बोटांच्या रेषेत, दोन सेकंद पुतळा.

डोक्याला मार लागल्याची शंका आली की खेळाडूला तपासणीसाठी बाहेर काढतात आणि त्यासाठी १५ मिनिटं असतात. बाहेर बसलेला स्वतंत्र डॉक्टर चित्रफीत बघत असतो. तिचा तोल गेलेला किंवा ती निपचित पडलेली त्याला दिसली तर तपासणीचा प्रश्नच नाही, त्या दिवशी परत नाही. २०२४ पासून कन्कशन, म्हणजे मेंदूला हादरा बसल्याचं, ठरलं की साधारणपणे किमान ११ दिवस सामना बंद. अंतिम फेरीच्या तोंडावर हे फार कडू लागतं, पण खेळाडूच्या "मी ठीक आहे" वर कोणी विश्वास ठेवत नाही, हे उत्तम.

आता पोटाचं. सिडनीत १९२१ सालीच बायकांचा सामना झाला होता आणि बघायला हजारो लोक आले होते, पण लीगच्या कारभाऱ्यांनी ते पुढे चालू दिलं नाही. व्यावसायिक स्पर्धा उगवायला २०१८ साल लागलं, तेही चार संघांची. २०२५ मध्ये बारा झाले. सुरुवातीला मुली नोकरीतून रजा काढून खेळायच्या; म्हणजे ज्या खाड्यावरून हा खेळ जन्मला, तोच खाडा सव्वाशे वर्षांनी बायकांच्या वाट्याला. २०२३ मध्ये त्यांचा पहिला सामूहिक वेतन करार झाला. त्या वर्षी २४ जणींच्या संघासाठी क्लबला ९ लाख डॉलरची मर्यादा आणि एकीला किमान ३० हजार. २०२७ पर्यंत किमान रक्कम ५० हजारांवर नेण्याचं ठरलं आहे. बाबा, लगेच रुपयांत गुणाकार करू नका. इथलं घरभाडं त्याच गुणाकारात येतं. ३० हजारांत ब्रिस्बेनमध्ये एकटीचं भागत नाही, म्हणून मोसम संपला की कित्येक जणी अजूनही दुसरं काम करतात. माझ्या मते "व्यावसायिक" हा शब्द अजून थोडा उसना आहे.

खर्चाच्या या मर्यादेमुळे एकाच क्लबला सगळ्या चांगल्या खेळाडू साठवता येत नाहीत. ब्रॉन्कोसनं २०१८, २०१९, २०२० अशी पहिली तिन्ही विजेतेपदं घेतली, मग संघ वाढले, मुली पांगल्या. न्यूकॅसल नाइट्सचं तर अजबच: कोविडनं लांबलेला २०२१ चा मोसम २०२२ च्या सुरुवातीला झाला, त्यात एकही सामना जिंकला नाही, आणि त्याच वर्षी पुढच्या मोसमात विजेत्या. २०२३ मध्ये पुन्हा. त्या दोन्ही संघांत एक नंबरच्या जर्सीतली, म्हणजे सगळ्यात मागे खेळणारी, टमिका अप्टन होती. २०२५ मध्ये ती ब्रिस्बेनला परतली आणि ब्रॉन्कोसनं सिडनी रूस्टर्सना २२-१८ हरवून चौथं विजेतेपद घेतलं. तिला टीव्हीवर शोधू नका, टीव्हीवर चेंडूच दिसतो. मैदानात ती सगळ्यांच्या मागे एकटी फिरताना दिसेल, रांगेत फट कुठे पडतेय ते बघत, आणि मग चौथ्या-पाचव्या पकडीला नेमकी तिथे येऊन उगवेल. अली ब्रिगिनशॉ ही २०२५ मध्ये संघाची कर्णधार होती. चारही विजेतेपदांत ती होती.

म्हणून तिकिटं मधल्या रेषेजवळची, पण जरा उंचावरची बघतेय. खालून नुसती धडक दिसते. वरून १० मीटरची ती रांग मागे सरकताना दिसते. बाबांच्या गुडघ्यासाठी लिफ्टजवळची, कडेची खुर्ची. इथला ऑगस्ट थंडीचा, ऊन गेलं की एकदम गार पडतं, तेव्हा आईनं ती जाड शाल बॅगेच्या तळाशी न ठेवता वरच ठेवावी. सामना श्रावणी सोमवारी येणार नाही याची काळजी घेतली आहे, नाहीतर बाबा उपासाचं कारण सांगून मध्यंतरातच घरी चला म्हणतील.

बाकी भेटीअंती.

तुमची,
मनू