मूळ आलंय

फोंडा,
श्रावणातला दुसरा सोमवार

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

परवा फोनवर बोलणं अर्धवट राहिलं. बाबांना ऐकू कमी येतं, म्हणून मी ओरडून बोलते, आणि ओरडून बोललेलं सगळं भांडणासारखं वाटतं. म्हणून पत्र. अक्षर मोठं काढलंय, भिंग लागू नये.

बाबा, थोडे दिवस फोंड्याला या म्हटलं, तर तुम्ही म्हणालात, "आम्ही मूळचे इथलेच. आता कशाला खाली उतरायचं?" मी बरं म्हटलं आणि फोन ठेवला. पण तो 'मूळचे' काही डोक्यातून जाईना. दिवसभर दुसऱ्यांनी लिहिलेले शब्द तपासायचं माझं काम. त्यामुळे घरचा एखादा शब्द खटकला, की रात्री पाठ टेकल्यावरही तो टोचत राहतो.

तुम्ही १९६९च्या जूनमध्ये चंदगडहून ट्रंक घेऊन घाट उतरलात तेव्हा तेवीस वर्षांचे होतात. गोवा महाराष्ट्रात विलीन करायचा की वेगळा ठेवायचा, त्याचं सार्वमत होऊन अडीच वर्षं होत आली होती. विलीनीकरणाचं फूल हरलं, वेगळ्या गोव्याची दोन पानं जिंकली, ३४,०२१ मतांनी. हा आकडा मला पाढ्यांच्या आधी पाठ होता. मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकरांनी गावोगाव मराठी शाळा काढल्या होत्या आणि शाळा होती तिथे मास्तर हवा होता. म्हार्दोळला पहिल्या दिवशी तुम्हाला कुणी मूळ-कूळ विचारलं नाही, असं तुम्हीच सांगायचा. विचारलं ते एवढंच, "मास्तर, तुमी नुस्तें खातात न्ही?" नुस्तें म्हणजे मासे. तुम्ही माळकरी घरातले. दोन वर्षं नाही म्हणालात, तिसऱ्या वर्षी बांगड्याचं हुमण मागून घ्यायला लागलात. आजीला हे शेवटपर्यंत कळलं नाही.

मूळ विचारायला सुरुवात झाली ती पुढे. शहाऐंशी साली मी दहा वर्षांची. कोकणी की मराठी, भाषेचं आंदोलन पेटलेलं, बस बंद, शाळा बंद. शेजारची माझी मैत्रीण, जिच्याबरोबर मी रोज जायो, जाईची फुलं, गोळा करायची, एकदम म्हणाली, "तुमी घांटी, न्ही गे?" तिला त्याचा अर्थ ठाऊक नसावा, मलाही नव्हता. घरी येऊन विचारलं, तर तुम्ही सोप्यावर बसून वर्तमानपत्र वाचत होतात. मान वर न करता म्हणालात, "घाटावरचा तो घाटी. भूगोल आहे तो, शिवी नव्हे." मग वर्तमानपत्राची घडी केलीत आणि म्हणालात, "ऋषीचं कूळ आणि नदीचं मूळ विचारू नये." मी विचारलं, "आपण ऋषी की नदी?" तर म्हणालात, "आपण मास्तर. मास्तरांची बदली होते." आई आतून हसली होती. पुढच्या वर्षी ४ फेब्रुवारीला राजभाषा कायदा झाला, ३० मे रोजी गोवा राज्य झालं. तुमची बदली मात्र शेवटपर्यंत फोंडा महालाच्या बाहेर झाली नाही.

नोकरीसाठी पंधरा वर्षांच्या रहिवासाचा दाखला काढायला गेले होते, ते तुम्हाला आठवत असेल. एका कचेरीत खिडकीपलीकडच्या बाईंनी माझा जन्मदाखला उलटसुलट पाहिला. जन्म फोंड्याचा, शाळा म्हार्दोळची, कॉलेज फोंड्याचं. तरी विचारलंच, "ते ठीक. पण मूळचीं खंयचीं?" मी चंदगड म्हटलं. त्यांनी कागदावर पेन्सिलीने काहीतरी बारीक लिहिलं. दाखला मिळाला, पण तीन खेपा पडल्या. त्या पेन्सिलीत काय लिहिलं होतं, याचं कुतूहल मला आजही आहे.

आता रोज हाच शब्द माझ्या टेबलावरून जातो. एक गंमत सांगते. गंमत तरी कशी म्हणू. चोरी झाली, मारामारी झाली, की बातमी येते, 'संशयित मूळ अमुक राज्यातील'. तो इथे जन्मला असो, वीस वर्षं राहत असो, पकडला गेला की त्याला मूळ फुटतं. आणि कुणाला पुरस्कार मिळाला, की तोच माणूस 'गोमंतकीय', मूळबिळ काही नाही. उलटंही होतं. २०१५च्या नोव्हेंबरात आंतोनियो कॉश्ता पोर्तुगालचे पंतप्रधान झाले. जन्म लिस्बनचा, वडिलांचं घराणं मडगावचं. सगळीकडे कौतुकाने 'मूळ गोमंतकीय' छापून आलं. घरात त्यांना 'बाबुश' म्हणतात, तेही आलं. मला त्याचा आनंदच झाला. पण त्याच दिवशी आतल्या पानावर एका बांधकाम मजुराच्या अपघाताची चार ओळींची बातमी होती. इथे किती वर्षं होता ते नाही, घरी कोण आहे ते नाही, 'मूळ' तेवढं पहिल्या ओळीत. मी ते काढून वाक्य पुन्हा जुळवलं. वरून विचारणा झाली. मी म्हटलं, जागा कमी होती.

बरं, मूळ शोधायचंच म्हटलं तर गोव्यात ते सापडणार कुठे? तिसवाडी म्हणजे तीस वाड्या, साष्टी म्हणजे सहासष्ट गावं, बार्देश म्हणजे बारा. कोण येऊन किती ठिकाणी वसले, त्याची मोजदादच या महालांच्या नावांत होऊन बसली आहे. माणसांचं सोडा, आपल्या म्हार्दोळच्या म्हाळसा देवीचं घ्या. ती मूळची वेर्ण्याची. सोळाव्या शतकात तिकडे पोर्तुगीज देवळं पाडायला लागले तेव्हा तिला नदीपलीकडे आणली. फोंडा तेव्हा आदिलशाहीत होता. मंगेश कुठ्ठाळीहून प्रियोळला आला, शांतादुर्गा केळशीहून कवळ्याला. आणि म्हार्दोळ हे नावसुद्धा म्हाळसेबरोबर वेर्ण्याहून आलं. तिथे त्या जागेला अजून जुनं म्हार्दोळ म्हणतात, आता तिथे नवं देऊळही झालंय. काही लोक तर तिला त्याहून मागे, पार नेवाशाला नेऊन पोचवतात. म्हणजे देवीच घाटावरची निघाली की हो! हे मी एकदा तुम्हाला म्हटलं होतं, तर तुम्ही कपाळावर हात मारून, इकडेतिकडे पाहून, "हळू बोल" म्हणालात.

समोरच्या बिल्डिंगमधला मुलगा गेले वर्षभर आजोबांचा जन्मदाखला शोधतोय. १९ डिसेंबर १९६१च्या आधी आजोबा गोव्यात जन्मले, एवढं कागदावर आलं, की पोर्तुगीज पासपोर्टचा रस्ता उघडतो. मग पुढे युरोपात कुठे, ते त्यालाच ठाऊक. जुन्या नोंदवह्यांत मान घालून बसतो बिचारा. मूळ सापडलं, की तो जाणार.

पण हे सगळं मी तुम्हाला लिहीत बसले ते आईमुळे. तुम्ही 'मूळचे' म्हणालात तेव्हा आई मागून काहीच बोलली नाही. मग रिसीव्हर घेऊन तिने विचारलं, "जायो आल्या का गं बाजारात?"

आई, तुझ्याकडे 'मूळ' शब्द अगदी वेगळा होता. बाबांचं मूळ जमिनीत, सातबाऱ्यावर. तुझं मूळ चालत यायचं. श्रावण लागला, की तू दुपारची भांडी घासताना हात थांबवून रस्त्याकडे बघायचीस. नागपंचमीच्या आधी दोन-तीन दिवस तानामामा यायचा. एस्टीने दोडामार्गापर्यंत, तिथून मिळेल त्या गाडीने डिचोली, मग फोंडा, आणि शेवटचं अंतर पायी. अंगावर घोंगडी, डोक्यावर टोपी, टोपीतून पाणी गळतंय. धोतर गुडघ्याच्या वर खोचलेलं, पोटऱ्यांना लाल चिखल. सोप्यावर टेकायचा आणि आधी पिशवी पुढे करायचा: नाचणीचं पीठ, भुईमुगाच्या शेंगा, कागदात बांधलेली गुळाची ढेप. पावसाने कागद गुळाला चिकटलेला असायचा. आम्ही तो गूळ छापील अक्षरांसकट चाटायचो. मामा तुझ्याशी फार बोलायचा नाही. "आवरलंस काय?" एवढंच.

आणि तू कुंपणापाशी जाऊन शेजारणीला सांगायचीस, "मूळ आलंय." पहिल्यांदा तू असं म्हणालीस तेव्हा तिची धाकटी ओरडली होती, "मुळो? कसलो मुळो?" आणि पिशवीत डोकवायला धावली होती. पुढे त्या घरात मामाचं नावच 'मुळो' पडलं. "मुळो आयलो गे!" म्हणून ती लांबूनच हाक मारायची. मामालाही ते माहीत होतं. एके वर्षी त्याने खरोखरच मुळ्यांची जुडी आणून तिच्या हातात दिली.

मी त्या वयात धरून चालले होते, की मूळ म्हणजे न्यायला आलेला माणूस. कोशात 'मूळ' उघडून पाहिलं ते कॉलेजात, तेव्हा तुझा अर्थ बराच खाली सापडला. मुळी, मुळाक्षर, मूळव्याध, मूळ नक्षत्र, सगळे पुढे घुसलेले. 'मुळीच नाही' म्हणताना आपण मुळापासून नाही म्हणतो, हे मला तेव्हाच कळलं. 'मुळावर उठणे' तर तुम्हा दोघांनाही ठाऊक. वाटण्यांच्या वेळी चुलत्यांनी दाखवलंच. या सगळ्या गर्दीत 'सासुरवाशिणीला माहेरी नेण्यासाठी पाठवलेला माणूस' एका ओळीत बसला होता, ओल्या घोंगडीतल्या मामासारखा, अंग चोरून.

बाबा, तुम्ही सदतीस वर्षं इथे शिकवलंत. निवृत्तीनंतर काही वर्षांनी, घराचा वाटा मिळाला म्हणून, परत वर गेलात. तेव्हा मी अडवलं नाही, आणि आता कोर्टात उभं केल्यासारखं विचारतही नाही. पण एक सांगा, तिथे तुम्हाला काय म्हणतात? मागच्या मे महिन्यात मी चावडीपाशी पत्ता विचारला, तर पोरगा म्हणाला, "गोवेकर गुरुजींचं घर? वडापासून डावीकडं." इथे तुम्ही घांटावयले मास्तर, तिथे गोवेकर गुरुजी. मी रस्ताभर हसत आले. घरी पोचल्यावर पाहिलं, आई पहाटे साडेपाचला उठून खिडकीत उभी. काय गं, म्हटलं, तर म्हणाली, "काही नाही, सवय." पोदेराचा, पाववाल्याचा, भोंगा ऐकायची सवय. चंदगडात कुठला पोदेर यायला! आणि तुमच्या ताटातल्या कालवणात तिरफळं होती, मीच पाठवलेली. सूनबाई ती निवडून बाजूला काढत होती, तुम्ही पुन्हा आत टाकत होतात.

तेव्हा मूळचे कुठले ते तुम्ही ठरवा, मी त्यात पडत नाही. तुमचा गणपती पाच दिवसांचा. तो पोचवला, की पुढच्या रविवारी मी गाडी घेऊन येते. सकाळी सहाला निघते. डिचोली, दोडामार्ग, मग तिलारीचा घाट. दरड पडली असेल तर चोर्ल्यावरून बेळगाव गाठून येईन, दोन तास उशीर धरा. जावई म्हणतात मी चालवतो. मी म्हटलं, मुळाला मुलगी चालली आहे, तुम्ही मागे बसा.

दिवाळीपर्यंत राहायचं. खोली तळमजल्यावरची आहे, बाबांना पायऱ्या नाहीत. संध्याकाळी रिक्षाने म्हाळसेकडे जाता येईल. आई, जायो आल्यात. काल बाजारात एक फाती, गुंफलेली माळ, घेतली, चाळीस रुपये म्हणाली बाई. तू असतीस तर तीसला दिली असती.

बाबांची औषधं आणि कानाचं यंत्र, त्याच्या जादा सेलसकट, आधीच वेगळ्या पिशवीत काढून ठेव. ते यंत्र कपाटात पडून असतं, मला ठाऊक आहे. आणि निघताना शेजारच्या काकूंनी विचारलंच, तर सांग, मूळ आलंय. मुळा नव्हे म्हणावं.

तुमची,
बाय