बाबांच्या पायाचा रिपोर्ट

राजारामपुरी, कोल्हापूर

ती. बाबा आणि ती. आईस,
सा. न. वि. वि.

फोनवर बाबा "बरं, बरं" म्हणून फोन आईकडं देतात, म्हणून लिहून पाठवतोय. आई, त्यांना बसवून वाचून दाखव.

रिपोर्ट आला. रोगाचं नाव मायसेटोमा. डॉक्टर मदुरा फूटही म्हणतात. 1842 साली मदुराईकडं असे पाय पाहून त्याची नोंद झाली होती. कॅन्सर नाही, महारोगही नाही. एकाचा दुसऱ्याला होत नाही, तेव्हा बाबांचं ताट-तांब्या वेगळं काढू नकोस.

आई, हे सापडलं तुझ्यामुळं. पट्टीवर रव्यासारखे पिवळट कण दिसतात, हे तूच डॉक्टरांना सांगितलंस. तोवर सगळे गळूच धरून चालले होते. ते कण म्हणजे जंतूंचे गठ्ठे. काळे असते तर बुरशी म्हटलं असतं, पण पांढरे-पिवळे बुरशी आणि बॅक्टेरिया दोन्हींत निघतात. म्हणून खोलातला तुकडा काढावा लागला. हे जंतू वाढतातही फार सावकाश, त्यामुळं कल्चरला, म्हणजे लॅबमध्ये ते वाढवून ओळखायला, इतका वेळ गेला. बॅक्टेरिया निघाले, हे बरंच झालं. बुरशी असती तर वर्षभर गोळ्या खाऊनही कापाकापी चुकेल याची खात्री नसते.

बाबा, "दुखत नाही तर कशाला?" हे आता बंद. हा रोग सहसा दुखत नाही, तीच त्याची लबाडी. कधीतरी उसात अनवाणी फिरताना काटा नाहीतर खोडवं लागलं असेल, मातीतले जंतू आत गेले असतील. सूज वर्षानुवर्षं वाढत हाडापर्यंत जाते. एमआरआयमध्ये तुमचं हाड अजून शाबूत आहे.

आता कामाचं. अमिकासिनचं इंजेक्शन रोज, तीन आठवडे, सोबत को-ट्रायमोक्साझोलच्या गोळ्या. मग पाय बघून पुढचा फेरा. इंजेक्शन मूत्रपिंडाला आणि कानाला बाधू शकतं, म्हणून मधेमधे रक्त आणि कान तपासायचे. हे गावात जमणार नाही, माझ्याकडंच राहायला या. तोडीची टोळी आली तर दाजी बघतील, त्यांच्याशी बोललोय. सूज उतरली म्हणून गोळ्या सोडायच्या नाहीत, आणि पायाला लावता तो लेप तर आजच बंद. गमबूट मी घेऊन ठेवतो.

येताना जुने एक्स-रे आणि सगळे कागद आणा. आई, तूही ये. मी गोळ्या हातात दिल्या की बाबा नुसतं "घेतल्या" म्हणतात.

तुमचा,
धाकटा