किडनीच्या रुग्णांसाठी लोहकणांचा विचार व्हावा

महोदय,

एमआरआय विभागात तंत्रज्ञ म्हणून काम करताना, हाताला सुई लावत असतानाच किडनीचे रुग्ण हमखास विचारतात, ‘हे औषध मला चालेल ना?’ त्यांची शंका रास्त आहे. एमआरआयची प्रतिमा अधिक स्पष्ट दिसावी म्हणून शिरेतून दिल्या जाणाऱ्या, १९८८ पासून वापरात असलेल्या गॅडोलिनियम या धातूच्या काही औषधांमुळे किडनी निकामी झालेल्या रुग्णांची त्वचा व सांधे ताठर होऊ शकतात, हा संबंध २००६ मध्ये उघड झाला. आज तुलनेने सुरक्षित प्रकार मिळत असले तरी किडनीचे काम कसे चालले आहे हे सांगणारा क्रिएटिनिनचा रिपोर्ट हातात आल्याशिवाय आम्ही पुढे जात नाही.

म्हणूनच गॅडोलिनियमला पर्याय ठरू शकणाऱ्या, लोह ऑक्साइडच्या अतिसूक्ष्म चुंबकीय कणांवरील (नॅनोकणांवरील) संशोधन मला मोलाचे वाटते. यकृतातील निरोगी पेशी हे कण गिळतात, तो भाग प्रतिमेत काळा पडतो आणि गाठ उजळ राहते. शरीर त्यातील लोह पुढे रक्तासाठी वापरते. त्याहून पुढची पायरी म्हणजे प्रतिसाद देणारे कण: गाठीतील आम्लता किंवा एखादे विकर (एन्झाइम) भेटताच त्यांचे आवरण बदलते, ते एकत्र येतात किंवा सुटे होतात आणि प्रतिमेत नेमका तेवढ्याच जागेचा संकेत बदलतो. गाठ कुठे आहे एवढेच नव्हे, तर तिथे काय चालले आहे हेही त्यातून कळू शकेल.

हे प्रतिसाद देणारे कण बहुतांशी अजून प्रयोगशाळेतच आहेत. शिवाय फेरुमॉक्सिटॉल या लोहकणांच्या औषधाच्या तीव्र अॅलर्जीबाबत अमेरिकेत २०१५ मध्ये कडक इशारा दिला गेला. त्यामुळे आपल्याकडील चाचण्यांना निधी देताना किडनीच्या रुग्णांमधील सुरक्षिततेची तपासणी आधी व्हावी, ही विनंती.

– एक एमआरआय तंत्रज्ञ, पुणे