वखारीतला भुसा जाळू नका

संपादक महोदय,

आमच्या घरामागच्या वखारीत रोज संध्याकाळी लाकडाच्या भुशाचा ढीग पेटवतात. दोरीवरच्या कपड्यांना धुराचा वास लागतो, म्हातारी माणसं खोकत बसतात. पण मला हळहळ वाटते ती वेगळीच. लाकडात साधारण 20 ते 30 टक्के लिग्निन, म्हणजे लाकडाला कणखरपणा देणारा पदार्थ, असते. त्यापासून व्हॅनिलिन, ग्वायकॉल अशी फिनॉल गटातली संयुगे मिळतात. ती स्वतःचा हायड्रोजन देऊन मुक्त मूलकांना, म्हणजे तेल बिघडवणाऱ्या चंचल कणांना, शांत करतात, म्हणून ती मिसळलेले तेल लवकर खवट होत नाही. घरोघरी शेवेचा डबा असलेल्या इंदुरात याचे मोल वेगळे सांगायला नको. विड्यातला कात खैराच्या गाभ्याचाच; त्यातल्या कॅटेचिन या फिनॉल गटातल्याच संयुगाचे नाव त्यावरूनच पडले. रसायनशास्त्राच्या प्राध्यापकांनी विद्यार्थ्यांना या भुशाचे एखादे पोते अभ्यासाला द्यावे. जाळणे मात्र आजच थांबावे.

— एक वाचक, इंदूर