हौशी संशोधकांना प्रयोगशाळा खुल्या करा

महोदय,
मीठ, भांडी घासायचे द्रावण आणि स्पिरिट वापरून केळ्यातला डीएनए वेगळा करणारी मुले आज गावोगावी भेटतात. स्टॅनफर्डच्या मनू प्रकाश यांच्या फोल्डस्कोप या कागदी सूक्ष्मदर्शकामुळे ही हौस स्वस्तही झाली. अडते ते पुढे. स्वतःचा प्रश्न घेऊन पीसीआर (डीएनएच्या तुकड्याच्या असंख्य प्रती काढण्याची पद्धत) करायचा, तर यंत्र हवे, रसायने हवीत आणि चुका दाखवणारे कुणीतरी हवे. जनुकीय बदल केलेल्या जिवाणूंवर काम करायचे, तर अशा जिवाणूंसाठीच्या केंद्र सरकारच्या 1989 च्या नियमांनुसार संस्थेची जैवसुरक्षा समिती लागते. ही अट योग्यच आहे, पण एकट्या विद्यार्थ्याने ती समिती आणायची कुठून?

न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात 2010 साली नागरिकांसाठी जेनस्पेस ही प्रयोगशाळा सुरू झाली. आपल्याला नवी इमारतही नको. केंद्राच्या स्टार कॉलेज योजनेतून अनेक महाविद्यालयांना उपकरणांसाठी निधी मिळाला आहे. त्यांनी मे महिन्याच्या सुटीत, सुरक्षेचे प्रशिक्षण देऊन, बाहेरच्या विद्यार्थ्यांनाही प्रयोगशाळेच्या बाकावर जागा द्यावी. देखरेख करणाऱ्या प्राध्यापकांचे ते तास विद्यापीठांनी कार्यभारात धरावेत, नाहीतर कुणी पुढे येणार नाही.

– एक विज्ञान शिक्षिका, सातारा